वेट लावलेल्या सर्व्हेच्या डेटावरून समरी टेबलं करायला कुठलं सॉफ्टवेअर वापरता?

सारणीशोध
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज अडलंय म्हणून धागाच काढला. आमच्याकडे घरोघरी जाऊन केलेला एक सर्व्हे आहे, साधारण २४०० उत्तरं, १२० क्लस्टर (एका ठिकाणच्या घरांचे गट), ६ स्ट्रॅटा (सॅम्पल काढण्याआधी पाडलेले लोकसंख्येचे भाग), आणि प्रत्येक ओळीला एक वेट, म्हणजे भार, दिलेलं. रिपोर्टसाठी सत्तरेक समरी टेबलं लागणार आहेत, उभ्यात प्रश्न आणि आडव्यात वयोगट, शिक्षण, स्त्री-पुरुष वगैरे. आत्तापर्यंत मी एक्सेलच्या पिव्होटमध्ये वेटच्या कॉलमची बेरीज घेऊन टक्के काढत होते. टक्के येतात, पण खाली एकूण म्हणून जो आकडा येतो तो ३४७.२८ असा काहीतरी येतो, आणि काल साहेबांनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की हा पॉइंट अठ्ठावीस माणूस कोण. मला धड सांगता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

तर विचारायचंय असं की सत्तर टेबलं एकसारखी आणि बिनचूक करायची तर कशात करू, आर, एसपीएसएस, स्टाटा, पायथन, का एक्सेलच पुरतं? आणि टेबलात एकूण म्हणून नक्की कुठला आकडा छापायचा? आर थोडंफार येतं, बाकीचं शिकायची तयारी आहे.

आकडेमोड
ताई, सॉफ्टवेअरकडे नंतर येऊ, आधी तो पॉइंट अठ्ठावीस मिटवू, कारण तो समजला की कुठलं सॉफ्टवेअर का चालतं आणि का चालत नाही ते आपोआप कळतं.

वेट म्हणजे हा एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने बोलतोय तो आकडा. समजा पाचच जणांना विचारलं आणि त्यांची वेटं २००, २००, २००, १००० आणि ४०० आहेत. पहिले तिघं हो म्हणाले, शेवटचे दोघं नाही म्हणाले. डोकी मोजली तर ५ पैकी ३, म्हणजे ६० टक्के हो. वेट धरून मोजलं तर २००० पैकी ६००, म्हणजे ३० टक्के हो. रिपोर्टमध्ये ३० छापायचे. पण विचारलं किती जणांना? पाचच. २००० ही ते ज्यांच्या वतीने बोलतायत त्यांची संख्या आहे. काही सर्व्हेत ही वेटं अशी लहान करून देतात की सगळ्यांची बेरीज सॅम्पलइतकीच यावी, तुमच्याकडे बहुतेक तसंच केलंय, म्हणून तुम्हाला ३४७.२८ असे माणसांसारखे दिसणारे आकडे मिळतायत. ती माणसं नाहीतच, वेटांची बेरीज आहे ती.

म्हणून माझा नियम असा की टक्के वेटेड छापायचे आणि बेस अनवेटेड छापायचा, म्हणजे खरोखर किती जणांनी उत्तर दिलं तो पूर्णांक, आणि टेबलाखाली एक ओळ लिहायची की टक्के भारित आहेत, संख्या अभारित आहे. साहेबांचा प्रश्न परत येणार नाही.

आता अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. त्या पाच जणांकडून जी माहिती मिळाली ती पाच माणसांइतकी पण नाहीये, कारण एकाच माणसाच्या डोक्यावर निम्मा भार आहे. लेस्ली किश या सर्व्हेतज्ज्ञाचं सूत्र लावून बघा, वेटांच्या बेरजेचा वर्ग भागिले वेटांच्या वर्गांची बेरीज. २००० चा वर्ग ४० लाख, खाली १२ लाख ८० हजार, उत्तर ३.१२५. म्हणजे विचारलं पाच जणांना पण भरवसा साधारण तीन जणांइतका. हे एक्सेलचं पिव्होट तुम्हाला कधीच सांगणार नाही. टक्के बरोबर येतील, पण तो टक्का किती हलू शकतो ते नाही.

क्रॉसटॅब
मी गेली कित्येक वर्षं एसपीएसएसमध्येच काम करतो. डेटा मेनूत जायचं, वेट केसेस ऑन करायचं, आणि मग कस्टम टेबल्स. बॅनर, म्हणजे वयोगटासारखे गट, आडवा टाकायचा, स्टब, म्हणजे प्रश्न, उभे टाकायचे, सिंटॅक्स सेव्ह करून ठेवायचा, सत्तर काय दोनशे टेबलं एका दमात निघतात आणि दिसायलाही स्वच्छ असतात. अनवेटेड काउंटसुद्धा त्यात वेगळा मागता येतो. मला नाही वाटत एवढ्यासाठी आर शिकायची गरज आहे. टेबल करणं हे एसपीएसएसइतकं सोपं कुठेच नाही.

आकडेमोड
@क्रॉसटॅब, कस्टम टेबल्सच्या देखणेपणाबद्दल वादच नाही, टक्केही बरोबर येतात. माझं म्हणणं फक्त टेबलाच्या खालच्या चाचण्यांबद्दल आणि स्टँडर्ड एररबद्दल आहे, म्हणजे टक्का किती हलू शकतो त्याच्या मापाबद्दल. नेहमीचं वेट केसेस जे आहे ते वेटला फ्रिक्वेन्सी समजतं, म्हणजे वेट ५०० असेल तर त्याला वाटतं की ही हुबेहूब सारखी ५०० माणसं भेटली. समजा १२०० जणांचा सर्व्हे आहे आणि वेटांची बेरीज ६ लाख आहे. ५० टक्क्यांच्या उत्तरावर साध्या सॅम्पलची स्टँडर्ड एरर १.४४ पॉइंट यायला हवी, ती येते ०.०६५. जवळजवळ २२ पट कमी. मग काय, जे दोन गट शेजारी ठेवाल त्यांच्यात फरक सिग्निफिकंट, म्हणजे नुसता योगायोग नाही असा दिसणार. वेटं लहान करून बेरीज १२०० केली तर हा मोठा घोळ जातो, पण वेटांमधल्या चढउतारामुळे आणि क्लस्टरमुळे जी अनिश्चितता वाढते ती तरीही हिशोबात येत नाही.

एसपीएसएसमध्ये त्यासाठी कॉम्प्लेक्स सॅम्पल्स नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, त्यात आधी प्लॅन फाइल करायची, स्ट्रॅटा, क्लस्टर आणि वेट सांगायचं, मग त्यातल्या फ्रिक्वेन्सी आणि क्रॉसटॅबमध्ये सगळं बरोबर येतं. ते मॉड्यूल तुमच्या लायसन्समध्ये आहे का ते बघा.

क्रॉसटॅब
मॉड्यूल आहे आमच्याकडे, पण खरं सांगतो, कधी उघडलं नव्हतं. टेबलावर सिग्निफिकन्सची ए बी सी अक्षरं देतो आम्ही क्लायंटला, कुठल्या कॉलमांत खरा फरक आहे ते दाखवायला. ही अक्षरं आजवर फ्रिक्वेन्सी समजूनच निघत होती म्हणजे. हे मला आज रात्री बसून तपासायला हवं.

निळी_शाई
मी स्टाटावाली. आमच्याकडे एकदा सुरुवातीला एसव्हीवायसेट करून टाकायचं, क्लस्टर कुठला, स्ट्रॅटा कुठला, पीवेट (सर्व्हेचं वेट) कुठलं, आणि मग प्रत्येक कमांडच्या आधी एसव्हीवाय आणि कोलन लावायचा. बस. टॅब्युलेटला कॉलम, परसेंट, सीआय आणि ऑब्स हे ऑप्शन दिले की वेटेड टक्के, इंटरव्हल (टक्का कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला) आणि खरी डोकी तिन्ही एकाच टेबलात. काउंट आणि ऑब्स यांच्यात गोंधळ करू नका मात्र, काउंट म्हणजे वेटेड आणि ऑब्स म्हणजे अनवेटेड.

त्रास एवढाच होता की टेबलं एकेक सुटी निघायची आणि मग चिकटवत बसावं लागायचं. आवृत्ती १७ मध्ये कलेक्ट आलं आणि १८ मध्ये डीटेबल आलं, तेव्हापासून बराच जीव वाचला. डीटेबलला एसव्हीवाय ऑप्शन देता येतो आणि थेट वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये काढता येतं. मला स्टाटाची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे वेटांचे चार वेगळे प्रकार आहेत, एफवेट, पीवेट, एवेट, आयवेट, आणि कुठला ते तुम्हाला सांगावंच लागतं. त्यामुळे सर्व्हेचं वेट फ्रिक्वेन्सी म्हणून चुकून घुसत नाही. पॉइंटवालं वेट एफवेट म्हणून दिलं तर सरळ एरर येते.

पैसे लागतात हे खरंय. ते परवडत नसेल तर आर.

पाटीपेन्सिल
आर आधीच थोडं येतंय म्हणताय तर दुसरीकडे जाऊच नका. पाया म्हणजे थॉमस लमली यांचं सर्व्हे पॅकेज, वीसएक वर्षं झाली त्याला आणि अजून नीट सांभाळलं जातंय. त्याच्यावर एसआरव्हीवायआर नावाचं पॅकेज आहे, डीप्लायआर वापरायची सवय असेल तर ग्रुप बाय करून सर्व्हे मीन, सर्व्हे प्रॉप असं सरळ लिहिता येतं. आणि रिपोर्टला लावायच्या टेबलांसाठी जीटीसमरीमधलं टीबीएल एसव्हीवायसमरी. आडव्यात कुठला गट ते बाय मध्ये सांगायचं, उभ्यात कुठले प्रश्न ते इन्क्लूडमध्ये, टेबल तयार.

पण एक सांगून ठेवतो, डिफॉल्ट सोडलं तर ते टक्क्यांच्या शेजारी वेटेड संख्या छापतं, म्हणजे तुमच्या साहेबांचा तोच प्रश्न परत. स्टॅटिस्टिक या आर्ग्युमेंटमध्ये एन ऐवजी एन अंडरस्कोर अनवेटेड लिहायचं आणि पी तसंच ठेवायचं, मग डोकी खरी आणि टक्के वेटेड. हेडरमधला आकडाही वेगळा बदलावा लागतो, मॉडिफाय हेडर वापरून. हे हेडरचं बरेच जण विसरतात, मग वरती वेटेड आणि आतमध्ये अनवेटेड असं टेबल बाहेर जातं आणि बेरीज कुणाचीच जुळत नाही.

ॲड पी केलंत तर टक्क्यांसाठी ते राव-स्कॉट सुधारणा केलेली काय-स्क्वेअर चाचणी घेतं, म्हणजे क्लस्टर आणि वेट धरून गटांमधला फरक तपासणारी, नेहमीची नाही. सर्व्हेच्या डेटाला तीच हवी. वय, उत्पन्न असल्या आकड्यांसाठी डिफॉल्टला मीडियन आणि क्वार्टाइल येतात, सरासरी हवी असेल तर तसं सांगायचं.

सारणीशोध
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल संध्याकाळी बसले आर घेऊन. डिझाइन बनवायला, म्हणजे स्ट्रॅटा, क्लस्टर आणि वेट कुठलं ते आरला सांगायला गेले तर पहिल्याच झटक्याला एरर, क्लस्टर्स नॉट नेस्टेड इन स्ट्रॅटा असं काहीतरी. ते शोधून नेस्ट ट्रू केलं तर डिझाइन झालं, पण मग सरासरी काढताना म्हणतंय स्ट्रॅटम ७ हॅज ओन्ली वन पीएसयू, म्हणजे त्यात एकच क्लस्टर. आमच्याकडे तर सहाच स्ट्रॅटा आहेत! नेटवर एका ठिकाणी लिहिलंय की लोनली पीएसयूचा ऑप्शन ॲडजस्ट करून टाका म्हणजे एरर जाते. करू का?

आकडेमोड
थांबा थांबा, काहीही ॲडजस्ट करू नका अजून! तुमच्याकडे सहा स्ट्रॅटा असताना सातवा आला कुठून हा प्रश्न आहे, आणि सॉफ्टवेअर तुम्हाला नेमकं तेच दाखवतंय. स्ट्रॅटम ७ मधल्या ओळी काढून बघा कुठल्या क्लस्टरच्या आहेत.

पहिल्या एररबद्दल, तुमच्या क्लस्टरचे नंबर प्रत्येक स्ट्रॅटममध्ये १ पासून परत सुरू होत असणार. स्ट्रॅटम १ मधला क्लस्टर ५ आणि स्ट्रॅटम ३ मधला क्लस्टर ५ हे वेगळे आहेत हे आरला कसं कळणार, म्हणून ते नेस्ट ट्रू. ते केलंत ते बरोबरच केलंत. फक्त ते केल्यावर चुकीचा कोड असलेला क्लस्टर गुपचूप वेगळा क्लस्टर म्हणून उभा राहतो, म्हणून तपासणं आणखी गरजेचं.

सारणीशोध
सापडलं!! एका क्लस्टरच्या २० ओळींना स्ट्रॅटम १ च्या जागी ७ पडलंय. एकाच टॅबलेटवरून आलेल्या सगळ्या ओळी, म्हणजे तिथे फॉर्म भरतानाच चूक झाली. फील्डच्या रजिस्टरशी ताडून बघितलं, तो क्लस्टर १ मधलाच आहे. दुरुस्त केलं आणि एरर गेली. गेले दोन महिने मी याच डेटावर पिव्होट करत होते आणि मला हे दिसलंच नव्हतं.

निळी_शाई
बघा, म्हणूनच आरचं ते अडून बसणं मला आवडतं. स्टाटात अशा वेळी टेबल निघतं, टक्के येतात, फक्त स्टँडर्ड एररच्या जागी टिंब येतं, आणि घाईत असलं तर त्या टिंबाकडे लक्ष जात नाही. खरोखरच एका स्ट्रॅटममध्ये एकच क्लस्टर असेल, म्हणजे चूक नसेल, तर शेजारच्या सारख्या स्ट्रॅटममध्ये मिसळणं हा माझ्या मते चांगला मार्ग, नाहीतर आरमधला ॲडजस्ट किंवा स्टाटातला सेंटर्ड, पण काय केलं ते रिपोर्टच्या मेथडमध्ये लिहायचं.

क्षेत्रपाहणी
धागा छान चाललाय, मध्ये एक घालते कारण आमच्याकडे याच्यामुळे अख्खा चॅप्टर परत करावा लागला होता. सारणीशोध, तुमच्या सत्तरपैकी काही टेबलं फक्त स्त्रियांची किंवा फक्त १५ ते २४ वयाची असतील ना? ती करताना डेटा आधी फिल्टर करून मग त्याचं डिझाइन बनवू नका. आधी पूर्ण २४०० वर डिझाइन बनवायचं आणि मग त्या डिझाइनचा सबसेट काढायचा.

टक्के दोन्हीकडे सारखेच येतात म्हणून चूक कळतच नाही. पण समजा १२० पैकी ९ क्लस्टरमध्ये त्या वयाची एकही बाई भेटली नाही. आधी फिल्टर केलंत तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते ९ क्लस्टर अस्तित्वातच नाहीत, सर्व्हे १११ क्लस्टरचा होता असं ते धरून चालतं. तिथे शून्य भेटली हीसुद्धा माहितीच आहे, ती स्टँडर्ड एररच्या हिशोबात यायला हवी. स्टाटात यासाठी सबपॉप ऑप्शन आहे, सॅसच्या सर्व्हेमीन्समध्ये डोमेन. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, यासाठी काहीतरी दिलेलं असतंच.

पाटीपेन्सिल
+१. आरमध्ये डिझाइन ऑब्जेक्टवर सबसेट चालवलं की ते स्वतःच हे सांभाळतं. एसआरव्हीवायआरमध्ये ॲज सर्व्हे डिझाइन करून झाल्यावर फिल्टर केलं तरी बरोबर. फक्त क्रम महत्त्वाचा.

सरळरेषा
पायथनबद्दल कुणी बोललंच नाही. पांडाजमध्ये क्रॉसटॅबला व्हॅल्यूज म्हणून वेटचा कॉलम द्यायचा, एगफंक सम, नॉर्मलाइज कॉलम्स, झालं वेटेड टक्क्यांचं टेबल. सगळं ऑटोमेट करता येतं, सत्तर टेबलांचा लूप लावला की चहा पिऊन येईपर्यंत तयार.

आकडेमोड
ते म्हणजे तुमचं एक्सेलचं पिव्होटच झालं, फक्त वेगवान. टक्के मिळतील, पुढचं नाही. पायथनमध्ये सॅम्पलिक्स नावाची लायब्ररी आहे, तिला स्ट्रॅटा, क्लस्टर आणि वेट सांगता येतं आणि ती टेबलंही करते. पायथनच वापरायचं ठरलं असेल तर ती बघा. पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आरच सांगेन, यातलं काम तिथे जास्त मुरलेलं आहे.

सारणीशोध
आणखी एक अडचण. आमच्याकडे एक प्रश्न आहे ज्यात लोकांनी एकापेक्षा जास्त उत्तरं दिलीत, माहिती कुठून मिळते, तर टीव्ही, मोबाइल, शेजारी, पेपर असं. डेटात हे सगळं एकाच कॉलममध्ये स्वल्पविरामाने लिहून आलंय. याचं टेबल कसं करायचं? एका सहकाऱ्याने सगळी उत्तरं खालीखाली एकेक ओळ करून पिव्होट केलं, त्याची बेरीज १०० येते, पण मला ते पटत नाहीये.

क्षेत्रपाहणी
तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. त्याच्या टेबलाचा बेस आहे एकूण उत्तरं, आणि वाचणाऱ्याला हवं असतं की शंभर माणसांपैकी किती जणांना टीव्हीवरून कळतं. समजा १० जण आहेत, सारख्याच वेटचे, ८ जणांनी टीव्ही म्हटलं, ८ जणांनी मोबाइल, ४ जणांनी शेजारी. एकूण उत्तरं २०. त्याच्या पद्धतीने टीव्ही ४० टक्के. खरं म्हणजे ८० टक्के लोक टीव्ही म्हणालेत. बेरीज १०० च्या वर जाऊ दे, खाली लिहा की एकापेक्षा अधिक उत्तरं शक्य, म्हणून बेरीज १०० पेक्षा जास्त.

शिवाय ओळी वाढवल्या की एकाच माणसाचं वेट तीन-तीनदा मोजलं जातं, बडबड्या माणसाचं वजन वाढतं. प्रत्येक पर्यायाचा स्वतंत्र कॉलम करा, म्हटलं असेल तर १, नसेल तर ०. मग जीटीसमरी अशा ०-१ च्या कॉलमची एकेकच ओळ दाखवतं आणि सगळे पर्याय एकाखाली एक छान बसतात. हा प्रश्नच ज्यांना विचारला नव्हता त्यांना मात्र ० टाकायचं नाही, रिकामं ठेवायचं. यात खूप जण चुकतात.

क्रॉसटॅब
एसपीएसएसमध्ये यालाच मल्टिपल रिस्पॉन्स सेट म्हणतात, ०-१ चे कॉलम करून सेट बनवला की कस्टम टेबल्समध्ये एक प्रश्न म्हणून टाकता येतो.

आणि माझं परवाचं सांगायचं राहिलं. मी एक जुनं टेबल कॉम्प्लेक्स सॅम्पल्समधून परत काढून बघितलं. टक्के सगळे जुळले. पण आम्ही जिथे जिथे फरकाची अक्षरं दिली होती त्यातली बरीच गेली. क्लायंटला मी स्वतः फोन करून सांगितलं, सुधारित टेबलं पाठवतोय. अवघड गेलं, पण सांगितल्यावर बरं वाटलं. आकडेमोड, तुमचे आभार मानतो.

आकडेमोड
हे तुम्ही केलंत याचा खूप आनंद झाला. मनापासून सांगतो, असे फोन फार कमी लोक करतात.

सारणीशोध
आता एक कोडं. खात्री करायची म्हणून तेच टेबल मी तीन ठिकाणी काढलं, माझं जुनं पिव्होट, आरमधलं जीटीसमरी, आणि मैत्रिणीकडच्या एसपीएसएसचा साधा क्रॉसटॅब्स, वेट ऑन करून. तिन्ही वेगळे! एका ठिकाणी पिव्होट म्हणतंय ४१.३ आणि आर म्हणतंय ४३.०. एसपीएसएस आरच्या जवळ आहे, पण लहान गटांमध्ये तेही दशांशात हलतंय. तुम्ही तर म्हणाला होतात टक्के सगळीकडे सारखे येतात?

पाटीपेन्सिल
येतात, पण तिघांना एकच प्रश्न विचारला असेल तर. ४१.३ ला ०.९६ ने भागा, ४३.० येतात. म्हणजे बहुतेक त्या गटात वेटेड ४ टक्के उत्तरं रिकामी आहेत. पिव्होट रिकाम्यांनाही एकूणात धरतं, जीटीसमरी त्यांना अननोन म्हणून वेगळ्या ओळीत काढतं आणि टक्के उरलेल्यांवर घेतं. दोन्हींपैकी कुठलं बरोबर ते सॉफ्टवेअर नाही ठरवत, तुम्ही ठरवायचं. माहीत नाही हे उत्तर असेल तर मी ते बेसमध्ये ठेवतो, कारण ते उत्तरच आहे. विचारलंच नाही किंवा फॉर्म अर्धा राहिला तर बेसबाहेर. आणि हे सत्तर टेबलांना आधीच एकदा ठरवून टॅब प्लॅनमध्ये, म्हणजे टेबलांच्या आराखड्यात, लिहून ठेवा, टेबल करता करता नाही.

आकडेमोड
आणि एसपीएसएसचं दशांशात हलणं, ते क्रॉसटॅब्समधल्या डिफॉल्टमुळे. तिथे नॉन-इंटिजर वेटसाठी सेलमधली वेटांची बेरीज पूर्णांकात आणून मग पुढचं गणित होतं. २.४ असलेला सेल २ होतो. मोठ्या गटात कळत नाही, पंधरा-वीस जणांच्या कॉलममध्ये टक्का चांगलाच सरकतो. सेल्सच्या बटणात जाऊन नो ॲडजस्टमेंट्स निवडा, मग आरशी जुळेल.

तुम्ही तीन ठिकाणी काढून बघितलंत हे फार चांगलं केलंत. मी नव्या प्रोजेक्टला नेहमी हेच करतो, सत्तर टेबलांआधी एकच टेबल दोन ठिकाणी काढतो आणि जुळेपर्यंत पुढे जात नाही.

सारणीशोध
दोन्ही जुळले! रिकामी उत्तरं बाहेर काढली आणि नो ॲडजस्टमेंट्स केलं, आता तिन्हीकडे ४३.०. 😊

लहान गटांचं काय करायचं पण? एका टेबलात १८ जणांवर टक्के आहेत. छापावेत का?

निळी_शाई
मी नाही छापत. डीएचएसच्या (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे) रिपोर्टमध्ये जो पायंडा आहे तोच आम्ही घेतलाय, अनवेटेड २५ ते ४९ जण असतील तर टक्का कंसात, २५ पेक्षा कमी असतील तर टक्क्याच्या जागी तारा (*), आणि खाली त्याची टीप. लक्षात घ्या, हे अनवेटेड डोक्यांवर ठरतं, वेटेड संख्येवर नाही. १८ जणांच्या वेटांची बेरीज ६० येऊ शकते, म्हणून ते ६० होत नाहीत. आणि डीएचएसचाच डेटा कधी वापरलात तर त्यातलं वेट १० लाखांनी भागायचं असतं, सहा दशांश आत दडलेले असतात, टक्क्यांना फरक पडत नाही पण संख्या बघून धडकी भरते.

अगदी कमी टक्के असतील, १-२ च्या आसपास, तर साधा इंटरव्हल शून्याच्या खाली जातो, वजा ०.४ टक्के असं छापलेलं मी स्वतः पाहिलंय. आरमध्ये एसव्हीवायसीआयप्रॉप आहे, लॉजिट पद्धतीने काढतं, ते शून्याखाली जात नाही.

सरळरेषा
मी इथे नवा आहे, वर घाईत लिहिलं होतं. सॅम्पलिक्स बघितलं, वापरतोय आता. एक विचारायचं होतं, मराठीत लेबलं असतील तर टेबलं नीट येतात का? माझं सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडलं की सगळी चौकोनं आणि विचित्र चिन्हं दिसतात.

पाटीपेन्सिल
फाइल ठीक असते, एक्सेलला फक्त कळत नाही की ती यूटीएफ-८ आहे. पांडाजमध्ये फाइल लिहिताना एनकोडिंग यूटीएफ-८-सिग द्या, आरमध्ये रीडआरचं राइट एक्सेल सीएसव्ही वापरा, दोन्ही फाइलीच्या सुरुवातीला खूण ठेवतात आणि एक्सेल बरोबर उघडतं. विंडोजवर जुनं आर असेल तर मराठी लेबलांचा खूप त्रास व्हायचा, ४.२ पासून, म्हणजे २०२२ पासून ते यूटीएफ-८ वरच चालतं, तेव्हा आधी आर अपडेट करा. स्टाटा १४ पासून ठीक आहे. टेबलं वर्डमध्ये काढायची तर जीटीसमरीचं टेबल फ्लेक्सटेबलमध्ये बदलून सेव्ह करा आणि फॉन्ट देवनागरीचा सांगा, जोडाक्षरं नीट येतात. पीडीएफ करायचं असेल तर झीलाटेक आणि त्यात देवनागरी फॉन्ट, साध्या पीडीएफलाटेकच्या नादी लागू नका.

मी तर आग्रहाने सांगेन की लेबलं मराठीतच ठेवा. ज्यांना जाऊन प्रश्न विचारले त्यांच्यापर्यंत टेबल परत गेलं तर त्यांना वाचता यायला हवं.

सारणीशोध
आमचीही लेबलं मराठीतच आहेत, फ्लेक्सटेबलने मस्त आली वर्डमध्ये.

आजचा हिशोब सांगते. एक छोटं फंक्शन लिहिलं, प्रश्नांची यादी आणि बॅनर दिला की टेबल काढतं, अनवेटेड बेस वर, वेटेड टक्के आत, २५ च्या खाली तारा. सत्तरपैकी ६४ झाली, बहुउत्तरीची ६ उरलीत, त्यांचे ०-१ चे कॉलम उद्या करते. साहेबांना पहिलं टेबल दाखवलं, त्यांनी आधी खालची टीप वाचली, मग बेसच्या ओळीवर बोट फिरवत बेरीज करून बघितली, २३८६, आणि विचारलं उरलेले १४ कुठे गेले. ते अर्धवट राहिलेले फॉर्म होते, यादी माझ्याकडे होती, लगेच काढून दिली.